धूळ ओढणारे यंत्र : जुने बरे की नवे?



सोयाबीनची मळणी आटोपली की पुढचे आठ दिवस घराची काय अवस्था असते, ते आपण जाणताच. भांड्यांवर धूळ, देव्हाऱ्यावर धूळ, गादीवर हात मारावा तर धूळ. केरसुणीने झाडावे तर ती उठते आणि तासाभराने पुन्हा तिथेच येऊन बसते. घरात कुणाला दमा असेल तर हा प्रश्न नुसत्या टापटिपीचा राहत नाही.

यावर उपाय म्हणून व्हॅक्युम क्लीनर, म्हणजे धूळ ओढणारे यंत्र, आता खेड्यांतही येऊ लागले आहे. ते दोन वाटांनी येते. मुंबई-पुण्याचे नातेवाईक नवे यंत्र घेतात आणि जुने गावाकडे पाठवतात, ही एक वाट. तालुक्याच्या दुकानातून किंवा मोबाइलवरून मागवलेले कोरे यंत्र, ही दुसरी. गावोगावच्या बैठकींत भगिनी मला विचारतात, "साहेब, जुनं यंत्र दणकट असतं म्हणतात, ते खरं का? की बिनवायरचं नवं घ्यावं?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. बैल घेताना आपण नुसते वय विचारत नाही; दात पाहतो, खूर पाहतो, जोताला जुंपून पाहतो. तसेच इथे करावे. यंत्र हवा किती ओढते, ओढलेली धूळ पोटात ठेवते का, आणि बिघडले तर आपल्या तालुक्यात दुरुस्त होते का, या तीन गोष्टी पाहाव्यात. तिन्हींत जे उतरेल ते घ्यावे, मग ते तीस वर्षांपूर्वीचे असो की कालचे.

यंत्राची जन्मकथा

ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. त्याआधीची काही यंत्रे फुंकर मारून धूळ उडवीत. बूथने विचार केला की उडवण्यापेक्षा ओढून घेतलेली बरी. त्याचे पहिले यंत्र घरात मावणारे नव्हतेच. इंजिन आणि पंप घोडागाडीवर चढवलेले असत, गाडी दारात उभी राही आणि खिडकीतून लांब नळ्या आत सोडल्या जात. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीमधील गालिचे याच यंत्राने साफ केले होते.

घरात वापरण्याजोगे यंत्र घडले ते मात्र एका झाडूवाल्याच्या हातून. अमेरिकेतील ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँग्लर हा गृहस्थ एका दुकानात साफसफाईचे काम करी. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो हैराण होई. त्याने पंख्याची मोटार, लाकडी खोके, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या सामानातून आपल्यापुरते यंत्र जुळवले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले. विल्यम हूव्हर या चामड्याच्या व्यापाऱ्याने ते विकत घेतले. घोड्याचे साज बनवणे हा हूव्हरचा धंदा होता. मोटारगाड्या आल्यावर साजाला गिऱ्हाईक उरणार नाही, हे त्याने वेळीच ओळखले होते. १९२१ साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने जमिनीवरून ओढत नेण्याचे नळकांडे बाजारात आणले. आपल्याकडे हे यंत्र घरोघर पोचले ते १९८२ साली युरेका फोर्ब्स कंपनी निघाल्यावर. तिचे विक्रेते दारोदार जाऊन प्रात्यक्षिक दाखवीत. आज माळ्यावर सापडणारी बरीच जुनी यंत्रे त्या काळातली किंवा त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतली असतात.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे यंत्र थंड देशांतल्या गालिच्यांसाठी जन्मले. तिकडे खोलीभर गालिचा जमिनीला चिकटवलेला असतो आणि त्यातली माती बाहेर काढायला फिरत्या ब्रशाची गरज पडते. आपल्याकडे शहाबादी फरशी, कोबा किंवा टाइल्स असतात. त्यामुळे फिरत्या ब्रशासाठी जादा पैसे मोजण्याचे आपल्याला कारण नाही.

आत काय असते?

यंत्राचे झाकण उघडले तर ओळखीच्याच वस्तू दिसतील. वायरवर चालणाऱ्या यंत्राची मोटार आपल्या मिक्सरच्या मोटारीच्या जातीची असते. आर्मेचर, दोन कार्बन आणि दोन बेअरिंगे. ती मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेते. मोटारीच्या दांड्यावर पंखा असतो. पंखा हवा बाहेर फेकतो, आत पोकळी निर्माण होते आणि ती भरून काढण्यासाठी नळीच्या तोंडातून हवा धावत येते. येताना ती धूळ घेऊन येते.

आपल्या विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप हेच काम पाण्याचे करतो. पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद केला तर मोटार कमी अँपिअर घेते, हे आपण पाहिले असेल. कारण पाणी उचलायचे कामच उरत नाही. या यंत्राच्या नळीवर तळहात दाबून धरा. आवाज बारीक आणि चढा होतो. लोकांना वाटते की यंत्र जोर लावीत आहे. खरे तर पंख्याला हवाच मिळत नाही म्हणून तो मोकळा पळत असतो. बऱ्याच यंत्रांत हीच हवा मोटारीला थंडही करते. म्हणून आवाज चढला की ताबडतोब बटण बंद करून नळीत काय अडकले ते पाहावे. नळी तुंबलेली ठेवून यंत्र चालवल्यास मोटार तापते आणि जळते.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

दुकानदार म्हणतो, "ताई, हे दोन हजार वॅटचं आहे, ते बाराशेचं." पंप घेताना आपण नुसता हॉर्सपॉवर विचारतो का? हेड किती आणि डिस्चार्ज किती, हे विचारतो. इथेही तसेच आहे. हेड म्हणजे ओढण्याचा जोर आणि डिस्चार्ज म्हणजे हवेचा प्रवाह. वायरवर चालणारे चांगले घरगुती यंत्र साधारण दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरील एवढा जोर दाखवते. पण नळी फाटकी असेल, सांधे ढिले असतील, गाळणी तुंबलेली असेल तर दोन हजार वॅटही वाया जातात. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते. ते किती काम करते हे त्यावरून कळत नाही.

युरोपातील सरकारांनी हे ओळखले. कंपन्या नुसते वॅट वाढवीत होत्या, म्हणून तिथे कायद्याने मर्यादा घातली. सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅट आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅट. नव्या मर्यादेतही गालिचे स्वच्छ निघू लागले, कारण कारखानदारांनी पंखा, नळी आणि तोंड यांच्या रचनेकडे लक्ष दिले. त्याच नियमांत मोटार किमान ५०० तास टिकली पाहिजे, अशी अट आहे. आठवड्यात ४० मिनिटे यंत्र चालवले तर वर्षाचे साधारण ३५ तास होतात. म्हणजे ५०० तासांना चौदा वर्षे लागतील. मोटार एवढी टिकते, तर यंत्रे त्याआधीच भंगारात का जातात? कधी पिशवी मिळत नाही, कधी नळी चिरते, तर कधी बॅटरी बसते. तात्पर्य, मोटार चांगली असूनही सुट्या भागापायी यंत्र मरते.

पिशवी की सायक्लोन?

जुन्या यंत्रात बहुधा कापडी किंवा कागदी पिशवी असते. हवा पिशवीच्या छिद्रांतून बाहेर जाते आणि धूळ आत राहते. हळूहळू ती छिद्रे बुजतात आणि ओढ कमी होते. ठिबकची जाळीची गाळणी धुतली नाही तर शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, तोच हा प्रकार.

जेम्स डायसन या इंग्रज गृहस्थाला याच गोष्टीचा राग आला. लाकूड गिरणीत भुसा वेगळा काढण्यासाठी छपरावर मोठे शंकूच्या आकाराचे सायक्लोन असते. तेच लहान करून घरच्या यंत्रात बसवायचे, असे त्याने ठरवले. ५१२७ नमुने केल्यावर त्याचे काम मनासारखे झाले आणि १९९३ साली त्याच्या स्वतःच्या कंपनीचे पहिले यंत्र बाजारात आले. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. विहिरीच्या पाण्यात वाळू येत असेल तर आपण ठिबकच्या संचावर हायड्रोसायक्लोन बसवतोच. पाणी गरगर फिरते, जड वाळू कडेला फेकली जाऊन खाली बसते. इथे पाण्याच्या जागी हवा आहे, एवढाच फरक.

पण हायड्रोसायक्लोन बसवला म्हणून आपण पुढची गाळणी काढून टाकत नाही. अगदी बारीक धूळ सायक्लोनमधूनही निसटते. म्हणून त्याच्यामागे गाळणी लागतेच आणि ती वेळोवेळी धुवावी लागते. धुतल्यावर सावलीत पूर्ण दिवसभर वाळवावी. ओली गाळणी बसवली तर धूळ चिखलासारखी चिकटते, बुरशीचा वास येतो आणि ओल मोटारीपर्यंत जाते.

आणखी एक फरक आहे. सायक्लोनचे भांडे रिकामे करताना धुळीचा लोट उठतो. कागदी पिशवी तोंड मिटून तशीच टाकता येते. घरात दमेकरी असेल तर पिशवीचे यंत्र अधिक सोयीचे, मात्र पिशव्या हमखास मिळत असल्या पाहिजेत.

मागून निघणारी हवा

पुढून ओढलेली हवा मागून बाहेर पडते, याचा विचार फार थोडे लोक करतात. एका गावी एका सूनबाईंनी मला थांबवून विचारले, "साहेब, मुंबईच्या नणंदबाईंनी त्यांचं जुनं यंत्र दिलंय. फरशी लख्ख होते, पण यंत्र लावलं की आमच्या मामंजींचा खोकला वाढतो. असं कसं?"

मी यंत्र उघडून पाहिले. मोटार ठणठणीत होती. पण आतली कागदी पिशवी संपल्यावर तिच्या जागी जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला होता आणि झाकणाखालची रबरी पट्टी कडक होऊन तडकली होती. मी म्हटले, "ताई, जमिनीवर बसलेली धूळ हे यंत्र बारीक करून मामंजींच्या तोंडाशी हवेत सोडतंय."

खोलीत अंधार करून, यंत्राच्या मागे टॉर्च धरून त्यांना दाखवले. कवडशात धूळ नाचते तशी ती दिसत होती. पुढे त्यांनी तालुक्याहून योग्य मापाची पिशवी आणि रबरी पट्टी आणवली. झाडताना यंत्राचे मागचे तोंड दाराकडे करायचे आणि तेवढा वेळ मामंजींनी ओट्यावर बसायचे, असेही ठरले. दम्याला औषध डॉक्टरांचेच. पण यंत्र लावले की खोकल्याची उबळ येत असे, ती थांबली, असे त्यांनी पुढच्या भेटीत सांगितले.

नव्या यंत्रांची खरी जमेची बाजू हीच आहे. हेपा नावाची गाळणी ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवते. मात्र गाळणी हेपा आणि झाकण ढिले, असे असेल तर उपयोग शून्य. हवा नेहमी सोपी वाट शोधते, बांधाला भगदाड असले की पाणी शोधते तशी.

जुन्याची बाजू आणि नव्याची बाजू

जुन्या वायरच्या यंत्राचे चार-सहा स्क्रू काढले की ते उघडते. कार्बन झिजले तर मिक्सर दुरुस्त करणारा माणूस ते बदलून देतो. बेअरिंग मिळते, बटण मिळते, वायर बदलता येते. ब्रिटनमध्ये 'हेन्री' नावाचे पिशवीचे साधे यंत्र १९८१ साली निघाले आणि ते अजून बनते. त्याची नळी, गाळणी, वायर असे सुटे भाग मिळतात, म्हणून ते लोकांच्या घरी वर्षानुवर्षे टिकते. जुने यंत्र दणकट, असे आपण म्हणतो तेव्हा खरे श्रेय उघडता येण्याला आणि सुटे भाग मिळण्याला असते. उलट ज्या जुन्या यंत्राची पिशवी मिळणे बंद झाले आहे, ते कितीही दणकट असले तरी शोभेची वस्तू होय. जुन्याचे दोषही आहेत. ते जड असते, आवाज मोठा करते आणि त्याच्या वायरचे रबर अनेकदा तडकलेले असते.

नवे बिनवायरचे यंत्र हलके असते. कमरेत न वाकता वापरता येते आणि पटकन हाती येते, म्हणून रोज वापरले जाते. ही सोय लहान समजू नये. घरातली कमर बहुधा बाईचीच मोडते. पण त्याचा जीव बॅटरीत असतो. लिथियमची बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा भरून झाली की तिची ताकद जाणवण्याइतकी उतरते, आणि उष्णतेत लवकर उतरते. पत्र्याच्या घरात, उन्हाच्या खोलीत ती ठेवू नये. बॅटरी स्क्रूने किंवा खटक्याने निघते का आणि ती वेगळी विकत मिळते का, हे दोन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत. बॅटरी आत कायमची बंद केलेली असेल तर ते यंत्र काही वर्षांपुरतेच आहे, असे समजून किंमत करावी.

आपल्या घरात उपयोग कुठे?

साध्या फरशीला केरसुणी आणि ओले फडके पुरते. तेवढ्यासाठी यंत्र घेऊ नये. सारवलेल्या जमिनीवर तर ते वापरूच नये. सारवणच ओढले जाते. यंत्राचा खरा उपयोग पुढील ठिकाणी होतो :

गाद्या, उशा आणि सोफा. नवरात्राआधी आपण गोधड्या धुतो, पण गादी धुता येत नाही. ती उन्हात घालून दोन्ही बाजूंनी ओढून घ्यावी.

धान्याची खोली. नवे धान्य भरण्यापूर्वी भिंतीच्या भेगा, कोपरे, कोठीचे सांधे आणि दाराची चौकट बारीक तोंडाने ओढून काढावी. खापरा किडीची अळी अशा भेगांत अन्नावाचून दीर्घकाळ जगते आणि नव्या धान्याची वाट पाहते. झाडूचा हात तिथे पोचत नाही. ओढलेला केर त्याच दिवशी घराबाहेर नेऊन जाळावा किंवा खोल पुरावा. मात्र सोंड्यांची अंडी दाण्याच्या आत असतात, ती यंत्राने निघत नाहीत. त्यासाठी धान्य कडक वाळवणे हाच पाया आहे.

ट्रॅक्टरची केबिन, पंख्याची पाती, फ्रिजच्या मागची जाळी. येथेही बारीक तोंड कामाला येते.

आता काय ओढू नये ते सांगतो. चुलीची राख थंड दिसली तरी आत निखारा असतो. पिशवी पेट घेते. रॉकेल, पेट्रोल सांडलेले ओढू नये, भडका उडेल. कीटकनाशकाची भुकटी किंवा बीजप्रक्रियेचे औषध ओढू नये. ते मागून हवेत पसरते. सिमेंट आणि पीठ गाळणी बुजवतात. पाणी ओढायचे तर ओल्या-सुक्या दोन्ही कामांसाठी बनवलेलेच यंत्र हवे, कारण त्यात मोटारीची थंड हवा वेगळ्या वाटेने जाते. साध्या यंत्रात पाणी गेले की मोटार गेली आणि झटक्याचा धोका वेगळाच.

घेण्यापूर्वी ही तपासणी करा

१) यंत्र चालू करून नळी तळहाताने दाबा. आवाज चढला पाहिजे. न चढल्यास हवा कुठून तरी शिरते आहे.

२) पेटती उदबत्ती सांध्यांजवळ आणि झाकणाजवळ फिरवा. धूर आत ओढला गेला तर तिथे गळती आहे. ही तपासणी यंत्र रिकामे असतानाच करावी आणि निखारा आत जाऊ देऊ नये.

३) अंधारात मागच्या हवेत टॉर्च धरा. धूळ दिसता कामा नये.

४) जळका वास आणि मोठ्या ठिणग्या पाहा. कार्बनजवळ बारीक ठिणगी चालते. गोल ज्वाळेसारखी दिसली तर आर्मेचर खराब आहे, घेऊ नका.

५) वायर हाताने वाकवून पाहा. चिरा असतील तर वायर बदलल्याशिवाय वापरू नका.

६) पिशवी, गाळणी, नळी आणि बॅटरी तालुक्याला किंवा जिल्ह्याला मिळते का, हे आधी विचारा, किंमत नंतर.

७) अमेरिकेहून मुलाने आणलेले यंत्र असेल तर त्यावरचा व्होल्टेज वाचा. तिकडे सुमारे १२० व्होल्ट वीज असते, आपल्याकडे २३०. थेट लावल्यास मोटार जळते.

खर्चाचा हिशेब

विजेची चिंता फार नको. १२०० वॅटचे यंत्र आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटे चालवले तर आठवड्याला ०.८ युनिट, म्हणजे महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास वीज लागते. घरातल्या लहान इन्व्हर्टरवर मात्र ते लावू नये.

खरा हिशेब वर्षाचा करावा. समजा, वायरचे यंत्र सहा हजारांना घेतले, ते दहा वर्षे टिकले आणि पिशव्या-गाळण्यांना वर्षाला चारशे रुपये लागले. तर वर्षाला एक हजार रुपये पडले. समजा, बिनवायरचे अठरा हजारांना घेतले, मधे चार हजारांची बॅटरी घातली आणि ते पाच वर्षे चालले; तर वर्षाला चार हजार चारशे पडले. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या दुकानातले भाव घालून आपणच गणित मांडावे. घरात कंबरदुखी असेल तर जादा पैसे योग्यही ठरतील, पण ते समजून-उमजून द्यावेत.

शेवटी एवढेच सांगतो. हप्त्याने यंत्र घेऊन सहा महिन्यांनी माळ्यावर टाकायचे, हे कोणत्याही शेतकरी कुटुंबाला परवडणारे नाही. ज्या पैशात बियाणे येते, त्या पैशात ते आलेले असते. म्हणून दुकानात जाताना घरात जी व्यक्ती रोज झाडते तिला बरोबर न्या. यंत्र तिच्या हातात द्या, तिला ते उचलू द्या, उघडू द्या, गाळणी काढून परत बसवू द्या. तिला जमले तर घ्या. नाही तर आपली केरसुणी काय वाईट आहे? झाडण्यापूर्वी पाण्याचा हलका शिडकावा करावा आणि नाकाला पदर लावावा, म्हणजे धूळ निम्मी खालीच बसते.